मोबाईललाही माहीत नसलेला ग्रह : नकाशा, चित्र आणि खेळातून अवकाश संशोधन (इयत्ता चौथी-पाचवी)



पाचवीच्या परिसर अभ्यासात सूर्यमाला अगदी सुरुवातीला येते आणि नकाशाचा पाठ बराच पुढे. आपणही ते दोन्ही वेगवेगळेच शिकवतो. सूर्यमालेला भिंतीवरचा तक्ता, नकाशाला दिशा आणि सूची. मुलं बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ असं एका दमात म्हणून दाखवतात आणि आपल्यालाही बरं वाटतं. पण हे सगळं माणसाला कळलं कसं, हा प्रश्न वर्गात फारसा निघत नाही. मंगळावर अजून कोणी माणूस गेलेला नाही. शुक्र तर कायम दाट ढगांत गुरफटलेला असतो. तरी दोघांचे नकाशे तयार आहेत. ते काढले कसे?

हा प्रश्न धरला की दोन्ही पाठ आपोआप एकमेकांना जोडले जातात. यान पाठवायचं, थोडं बघायचं, बघितलेलं कागदावर उतरवायचं, त्या कागदाच्या भरवशावर पुढचं यान पाठवायचं. अवकाश संशोधनाचा फार मोठा भाग म्हणजे ही नकाशे काढण्याचीच कामगिरी आहे.

अडचण एकच. मुलांना "मंगळाचा शोध घ्या" असं सांगितलं, तर ती शोध घेत नाहीत, उत्तर शोधतात. पुस्तकात नाही मिळालं तर आईच्या मोबाईलमध्ये मिळतं. त्यात त्यांचा काय दोष? ज्याचं उत्तर आधीच छापलेलं आहे, त्याचा शोध कसा घ्यायचा? म्हणून मी दोन वर्षांपासून हा पाठ खोट्या ग्रहावर घेते. मुलांनीच बनवलेल्या, जगात कुठेही नसलेल्या ग्रहावर. तिथे काय आहे हे मोबाईलला माहीत नाही, मलाही माहीत नाही. समोरच्या गटाला तर नाहीच नाही.

डाळीचा ग्रह

गट चार-पाच जणांचे. प्रत्येक गटाला एक ड्रॉइंग पेपर आणि वाटीभर तूरडाळ. (डाळ घरून आणा. पोषण आहाराच्या कोठीतली घेतली तर नोंदी जुळवता जुळवता दमाल. हरभरे नकोत, ते घरंगळत बाकाखाली जातात.) डाळ वीतभर उंचीवरून कागदावर सोडायची. जिथे ढीग पडेल त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची, सुटे दाणे पडतील तिथे टिंब करायचं, मग डाळ परत वाटीत. कागदावर जी वेडीवाकडी किनार उरते ती इतकी खरी दिसते, की मुलं स्वतःच चकित होतात. हाताने काढायला सांगितलं तर निम्मा वर्ग गोल किंवा ढगासारखा आकार काढतो. डाळ तसं करू देत नाही. आणि "मला चित्र येत नाही" म्हणणारं मूलही इथे मागे राहत नाही, कारण चित्र त्याने काढायचंच नसतं, फक्त गिरवायचं असतं.

आता या किनारीच्या आत एक जग तयार करायचं. नकाशातून गोष्ट जन्माला येते, हे काही नवं नाही. स्टीव्हन्सनने १८८१ साली आपल्या सावत्र मुलाबरोबर रंग खेळता खेळता एका बेटाचा नकाशा काढला आणि त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी सुचली. आधी नकाशा, मग कथा. मुलांचंही तसंच होतं. एका बाजूला निमुळता सुळका निघाला की लगेच तिथे कोणीतरी राहायला येतं.

कल्पनेला मी अडवत नाही, फक्त हिशेब विचारते. "मॅडम, राक्षस चालेल का?" चालेल. तो खातो काय? पाणी कुठून पितो? ग्रहावर हवा नसेल तर त्याची डरकाळी ऐकू येईल का? (आवाजाला माध्यम लागतं हा मुद्दा इथे जितका पटकन पोचतो तितका पाठात पोचत नाही.) नदी काढली तर ती उंचावरून उतारावर वाहायला हवी, आणि ओढे तिला येऊन मिळायला हवेत. हवा आणि पाणी नसेल तर उल्का पडून झालेले खड्डे, म्हणजे विवरं, बुजणार नाहीत, तशीच राहतील. चंद्रावर इतकी विवरं का दिसतात आणि पृथ्वीवर इतकी कमी का, हे उत्तर माझ्या वर्गात दोन्ही वर्षी मुलांकडूनच आलं. आपल्याकडे पाऊस आहे, वारा आहे, शेत नांगरणारी माणसं आहेत. एवढं असूनही टिकलेलं एक विवर बुलढाणा जिल्ह्यात आहे, लोणारचं. जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंद. सहल नेता आली तर जरूर न्या.

जे पाहिलं नाही ते काढायचं नाही

ग्रह तयार झाला की तो झाकून ठेवायचा. आता दुसरा गट त्याचा शोध घेणार, आणि शोध घेताना त्यांच्या कोऱ्या कागदावर एक नियम कडक पाळायचा. पाहिलेलं ते अखंड रेषेने. अंदाज असेल तो तुटक रेषेने. आणि जिथलं काहीच माहीत नाही ती जागा कोरी. कोरी म्हणजे कोरीच. शोभेसाठी झाडंसुद्धा काढायची नाहीत.

ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या मुलांना हे फार जड जातं. रिकामी जागा म्हणजे गुण गेले, हे पहिलीपासून त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. उत्तरपत्रिका कोरी ठेवायची नाही, काहीतरी लिहून या, हे आपणच सांगतो, आणि मग घरचेही सांगतात. त्यामुळे हुशार समजली जाणारी मुलंच इथे जास्त अस्वस्थ होतात. हळूच एखादा डोंगर भरून टाकतात.

तेव्हा मी मंगळाच्या कालव्यांची गोष्ट सांगते. इटलीतल्या मिलान शहरात जोव्हान्नी स्कियापरेली नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. १८७७ साली मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला होता, तेव्हा त्यांनी दुर्बिणीतून पाहून नकाशा काढला. त्यात त्यांना बारीक रेषा दिसल्या. त्यांनी त्यांना जो इटालियन शब्द वापरला त्याचा अर्थ चर किंवा ओहोळ असाही होतो. इंग्रजीत जाताना त्याचा झाला कालवा. आता ओहोळ आपोआप होतो आणि कालवा कोणीतरी खोदावा लागतो, हे आपल्या शेतकऱ्यांच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. एका मुलीने लगेच विचारलं, "मग कोणी खोदला?" अमेरिकेतल्या पर्सिव्हल लॉवेल या श्रीमंत गृहस्थांनाही तोच प्रश्न पडला. त्यांनी १८९४ मध्ये स्वतःच्या खर्चाने वेधशाळा उभारली, कालव्यांचे नकाशेच्या नकाशे काढले, आणि मंगळावरचे बुद्धिमान रहिवासी ध्रुवाकडचं पाणी खाली आणतात असं पुस्तकात मांडलं. डोळ्यांनी मधल्या ठिपक्यांना जोडून रेषा केल्या होत्या. अंदाज अखंड रेषेने काढला गेला, आणि लोकांनी तो कित्येक वर्षं खरा मानला.

ही गोष्ट ऐकल्यावर वर्गात तुटक रेषा एकदम वाढतात.

आकड्यांतून चित्र

याच गोष्टीचा पुढचा भाग म्हणजे माझा सगळ्यात आवडता तास. २८ नोव्हेंबर १९६४ ला अमेरिकेचं मरिनर ४ हे यान निघालं आणि १९६५ च्या जुलैमध्ये मंगळाजवळून गेलं. त्याने बावीसेक छायाचित्रं घेतली. एकेक छायाचित्र म्हणजे २०० आडवे आणि २०० उभे ठिपके, म्हणजे चाळीस हजार आकडे. प्रत्येक आकडा त्या ठिपक्याचा उजेड-अंधार सांगणारा. एक छायाचित्र पृथ्वीवर पोचायला आठ तासांहून जास्त वेळ लागत होता. संगणकातून चित्र तयार होऊन येईपर्यंत अभियंत्यांना धीर धरवेना. त्यांनी आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या भिंतीच्या फळीवर शेजारी शेजारी लावल्या आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग ते ठरवून खडूंनी हाताने रंगवल्या. अगदी आपण बालवाडीत करतो तसं. जवळून घेतलेलं मंगळाचं पहिलं चित्र असं खडूंनी रंगवलं गेलं, आणि ते आजही जपून ठेवलेलं आहे.

वर्गात हेच करायचं. आदल्या दिवशी घरी गणिताच्या वहीच्या पानावर २० बाय २० चौकटी आखा, त्यात एखादं विवर मनात धरून प्रत्येक चौकटीत ० ते ५ यांतला आकडा लिहा. ० म्हणजे गडद तपकिरी, ५ म्हणजे फिकट पिवळा. एक मूल 'यान' होऊन वर्गाच्या दाराबाहेर उभं राहतं आणि एकेक आकडा वाचतं. आतली मुलं आपल्या चौकटी रंगवतात. घाई करू देऊ नका. चारशे आकडे वाचायला एक तास पुरत नाही, आणि तसंच व्हायला हवं. पहिल्या सहा ओळींपर्यंत काहीच कळत नाही, कुरबुर सुरू होते. दहाव्या ओळीच्या आसपास कोणीतरी ओरडतं, "खड्डा आहे!" मागे जाऊन, डोळे बारीक करून बघा म्हटलं की सगळा वर्ग भिंतीला टेकतो. एखादा आकडा चुकीचा ऐकू आला तर मधेच एक पिवळा ठिपका उमटतो. तो पुसू नका, त्यावर बोला. खरंच तिथे काही चमकत असेल, की संदेश बिघडला असेल? ठरवायचं कसं? माझ्या वर्गाने ठरवलं, ती ओळ परत मागवायची.

मरिनरच्या चित्रांत कालवे नव्हते. विवरं होती. यानाने मंगळाचा जेमतेम शंभरावा भाग पाहिला होता हेही मुलांना सांगा, नाहीतर ती लगेच "मंगळावर फक्त खड्डेच असतात" असं लिहून मोकळी होतात. पुढच्या यानांना तिथे प्रचंड ज्वालामुखी आणि दऱ्याही दिसल्या.

चिंचोक्यांचं यान

आता खेळ. हा नीट सांगते, कारण नियम सैल राहिले तर भांडणं होतात.

डाळीच्या ग्रहाचा एक तुकडा निवडून 'ग्रहवाला' गट तो १० बाय १० चौकटींत बसवतो आणि प्रत्येक चौकटीला ० ते ५ अशी उंची देतो. निदान तीन चौकटी ० हव्यात, म्हणजे खोल खड्डे, आणि त्यांतल्या एकात बर्फ लपवायचा. प्रत्येक खड्ड्यात उतरायला एका बाजूने तरी पायरीपायरीचा उतार हवा. 'यानवाल्या' गटाला २५ चिंचोके मिळतात. तेच इंधन. कक्षेतून फिरून एक पूर्ण ओळ विचारायची तर तीन चिंचोके. यान उतरवायचं तर पाच, आणि उतरायला दोन बाय दोनची सपाट जागा हवी, म्हणजे चारही आकडे सारखे. नसतील तर यान उलटलं, खेळ संपला. उतरल्यावर बग्गी बाहेर पडते. ती एका चौकटीला एक चिंचोका घेते आणि फक्त तिच्या चार बाजूंच्या चौकटींची उंची तिला कळते. एकापेक्षा जास्त फरकाचा चढ-उतार ती पार करू शकत नाही. बर्फ सापडला तर यानवाले जिंकले.

मुलांना पहिल्याच डावात कोडं कळतं. ओळी विचारत बसलं तर नकाशा छान होतो, पण चालायला इंधन उरत नाही. घाईने उतरलं तर यान उलटतं. गटात जोरजोरात वाद होतात, आणि मला तेच हवे असतात. ऐकत राहा. "अजून एक ओळ घेऊ" म्हणणारं मूल आणि "बस झालं, उतरवा" म्हणणारं मूल, दोघांकडेही कारणं असतात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ऊसतोडीहून परतलेला एक मुलगा खेळ अर्ध्यावर असताना गटात आला. सूर्यमालेचा उजळणीचा तक्ता, मरिनरचा तास, सगळं त्याचं बुडालेलं. तो दोन डाव नुसता बघत बसला. मग म्हणाला, "मॅडम, गाडी वळायला काही लागत नाही का?" भरलेली बैलगाडी उतारावर वळवताना किती जागा आणि किती ताकद लागते ते त्याने हाताने दाखवलं. वर्गाने तिथल्या तिथे नियम केला. सरळ जाताना एक चिंचोका, वळताना दोन. त्या दिवसापासून त्याच्या गटाची बग्गी तोच चालवायचा आणि रस्ता आधी बोटाने कागदावर फिरवून मगच चिंचोका टाकायचा. तो नियम मी यंदाही ठेवला आहे.

खेळानंतरच मी चांद्रयान सांगते, आधी नाही. आधी सांगितलं तर ती बातमी होते. नंतर सांगितलं की मुलं माना डोलावतात, कारण त्यांनी ते भोगलेलं असतं. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं विक्रम अवतरक उतरताना कोसळलं, पण वर फिरणारा भाग चांगला राहिला आणि चंद्राची अतिशय बारकाईची छायाचित्रं पाठवत राहिला. त्या छायाचित्रांचा उपयोग चांद्रयान-३ ची जागा ठरवायला झाला. आधीच्या वेळी उतरण्यासाठी ५०० मीटर बाय ५०० मीटरचा तुकडा निश्चित केला होता. या वेळी ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर एवढी मोकळीक ठेवली. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी यान उतरलं. चारच दिवसांनी, २७ ऑगस्टला, प्रज्ञान बग्गीच्या तीन मीटर पुढे चार मीटर रुंदीचं विवर आलं. तिला मागे फिरायला सांगून दुसऱ्या वाटेने नेलं. हे ऐकून वर्गातून एकच आवाज आला, "दोन चिंचोके गेले!"

बर्फ खोल खड्ड्यात का, हेही इथेच सांगून टाका. चंद्राच्या ध्रुवांजवळ काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही, म्हणून तिथे बर्फ टिकू शकतो. खेळातला ० हा आकडा उगाच घेतलेला नाही.

नाव ठेवण्याचा तास

नकाशा झाला की नावं. मोकळं सोडलं तर क्रिकेटपटू, सिनेमातले हिरो आणि स्वतःची नावं येतात. म्हणून आधी खरे नियम सांगते. ग्रहांवरच्या जागांची नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना ठरवते आणि प्रत्येक ठिकाणाची एक रीत असते. शुक्रावरच्या मोठ्या विवरांना कर्तृत्ववान स्त्रियांची नावं देतात. त्यांत एका विवराला आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचं नाव आहे. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या एक लाखापेक्षा कमी वस्तीच्या गावांची नावं देतात. लोणार तिथेही आहे. हे सांगितल्यावर आपल्या गावाची लोकसंख्या किती, हे मुलांनी ग्रामपंचायतीत जाऊन विचारून आणलं. आपलं गाव नियमात बसतं म्हणून केवढा आनंद!

जुनी नावं चुकीची असली तरी राहतात, हीही एक गंमत. चंद्रावरच्या काळ्या डागांना रिच्चोली यांनी १६५१ च्या नकाशात समुद्रांची नावं दिली. १९६९ मध्ये अपोलो ११ ज्या 'शांततेच्या समुद्रात' उतरलं तिथे पाण्याचा थेंब नव्हता. होता तो बेसाल्ट, म्हणजे सह्याद्रीचाच काळा पाषाण. शाळेच्या पायरीचा दगड दाखवून हे सांगता आलं तर सोन्याहून पिवळं.

पालकांच्या दोन शंका

"नुसतं खेळवताय का?" ही पहिली. मी पालकांना यानवाल्या गटाचा कागद दाखवते आणि एवढंच विचारायला सांगते, की ही रेषा तुटक का आहे. मूल कारण सांगतं. आकारिक मूल्यमापनात मी नोंदही तीच करते. चित्र किती सुंदर आहे ते पाहत नाही, अखंड, तुटक आणि कोरं यांत फरक केला की नाही ते पाहते. प्रामाणिक कोऱ्या जागेला गुण देते. याबद्दल आमच्याच शिक्षकांत मतभेद आहेत, पण मी देते.

दुसरी शंका जास्त रास्त आहे. खोटा ग्रह आणि खरा ग्रह यांची सरमिसळ झाली तर? यासाठी दोन वेगळे रंग ठरवून टाकलेत. कल्पनेतल्या ग्रहांचे कागद निळ्या फायलीत, खऱ्या मोहिमांची माहिती पिवळ्या फायलीत. पाठाच्या शेवटी निळ्या फायलीतली एक गोष्ट घेऊन "खऱ्या जगात असं आहे का?" हे पिवळ्या फायलीत शोधायचं. गोंधळ मला अजून दिसलेला नाही. मुलांना भातुकलीतला भात खायचा नसतो हे कळतंच की.

घरी करायचं असेल तर एक भाऊ ग्रहवाला, एक बहीण यानवाली, एवढं पुरतं. आजीआजोबांना ग्रहवाले करा. ते खड्डे फार लबाडीने लपवतात.

सगळं मिळून सहा-सात तास लागतात. बहुवर्ग असेल तर चौथीने ग्रह बनवावा आणि पाचवीने शोधावा. एकच सूचना. खेळ संपल्यावर ग्रहवाल्यांचा मूळ कागद उघडून दाखवायची मुलं गळ घालतात. मी सगळे दाखवत नाही. दोन ग्रह दरवर्षी झाकलेलेच ठेवते, त्यांचे अर्धवट नकाशे पुढच्या वर्गाला देते, आणि नवी मुलं जुन्यांनी सोडलेल्या कोऱ्या जागेपासून पुढे जातात. यंदाच्या एका ग्रहाच्या साडेतीन ओळी कळल्या आहेत. पाकिटाला चिकटपट्टी लावून ते कपाटात ठेवलंय, आणि सोबत उरलेले चार चिंचोके.